चार भिंतींआडचा खून आणि तपासाची जबाबदारी

(स्त्री-प्रश्नावरील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाची संहिता)



१८९२ साली आर्थर कॉनन डॉईल यांची शेरलॉक होम्सची एक कथा प्रसिद्ध झाली. तीत एक सावत्र बाप आपल्या दोन सावत्र मुलींपैकी एकीचा विषारी सापाकरवी जीव घेतो आणि दुसरीच्या जिवावर उठतो. कारण साधे आहे. मुलींच्या आईने मागे ठेवलेले उत्पन्न त्याच्या हाती आहे आणि मुलींची लग्ने झाली की त्यातील वाटा त्यांच्याकडे जाणार आहे. वाचलेली मुलगी होम्सकडे येते, तेव्हा त्याची नजर तिच्या मनगटाकडे जाते. तेथे चार बोटांचे आणि अंगठ्याचे काळेनिळे वळ उमटलेले असतात. कथा वाचणाऱ्याला पुढे आयुष्यभर तो साप आठवतो. मनगटावरचे वळ मात्र तो विसरून जातो.

आजच्या विषयाचे सार या विस्मरणात आहे. घरातल्या स्त्रीचा खून होतो, तेव्हा समाजाची, वर्तमानपत्रांची आणि पुष्कळदा पोलिसांचीही नजर हत्यारावर खिळते. त्या आधीच्या वळांची दखल घेतली गेली असती, तर हत्यार चालवण्याची वेळच आली नसती, हा विचार मागे पडतो.

रहस्य कोणते?

दोन पिढ्यांचे मराठी वाचक बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा वाचत रात्री जागले. त्या कथांनी एक प्रश्न मनात पक्का रुजवला: खून कोणी केला? रहस्यकथेत गुन्हेगार अनोळखी असतो, तो बाहेरून येतो, वेष पालटतो, आणि गुप्तहेर आपल्या बुद्धीच्या बळावर त्याला हुडकून काढतो.

घरातल्या खुनाची जात वेगळी आहे. येथे गुन्हेगार पळून जात नाही. तोच डॉक्टरांना बोलावतो, तोच प्रेताशेजारी बसून रडतो, तोच नातलगांना निरोप धाडतो. घटनास्थळ त्याच्याच ताब्यात असते. साक्षीदार त्याचेच आईबाप आणि भाऊबंद असतात. जिने खरे सांगितले असते, ती बोलण्याच्या पलीकडे गेलेली असते. त्यामुळे येथे ‘कोणी केला’ हा प्रश्न सहसा अवघड नसतो. अवघड असते ते ‘हा खून आहे’ असे कोणीतरी मोठ्याने म्हणणे. स्टोव्हचा भडका उडाला, पाय घसरून विहिरीत पडली, चुकून औषध प्यायली, साप चावला, ही वाक्ये पंचनाम्याच्या कागदावर इतक्या सहजपणे उतरत आली आहेत, की तपास सुरू होण्यापूर्वीच संपतो.

कोल्लमचा तपास

तपास संपू दिला नाही तर काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण केरळमधील आहे. कोल्लम जिल्ह्यातील अंचल येथे ७ मे २०२० रोजी सकाळी पंचवीस वर्षांची एक विवाहिता आपल्या माहेरच्या घरी अंथरुणात निपचित पडलेली आढळली. तिच्या हातावर सर्पदंशाच्या खुणा होत्या. रुग्णालयात तिला मृत घोषित करण्यात आले. खोलीत शोध घेतला तेव्हा नाग सापडला. तो मारून घराच्या आवारात पुरण्यात आला. देशभर करोनाची टाळेबंदी होती. अनैसर्गिक मृत्यू अशी नोंद झाली आणि प्रकरण तेथेच मिटण्याच्या मार्गाला लागले.

ती माहेरी आली होती तीही दुखणे काढण्यासाठी. २ मार्च २०२० रोजी सासरच्या घरी तिला घोणस चावली होती. कित्येक आठवडे ती रुग्णालयात होती. म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत एकाच स्त्रीला दोन निरनिराळ्या जातींच्या विषारी सापांनी दंश केला होता, आणि दोन्ही वेळा रात्री तिच्याजवळ तिचा नवरा होता. आईवडिलांना हा योगायोग पटेना. मुलीच्या मृत्यूनंतर जावयाचे वागणे आणि मालमत्तेविषयीची त्याची भाषा पाहून त्यांचा संशय बळावला. त्यांनी कोल्लम ग्रामीणचे पोलिस अधीक्षक एस. हरिशंकर यांच्याकडे तक्रार केली. तपास गुन्हे शाखेचे उपअधीक्षक ए. अशोकन यांच्या पथकाकडे आला आणि २४ मे रोजी नवऱ्याला अटक झाली.

संशय आणि पुरावा यांत मोठे अंतर असते. साप काही साक्ष देत नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला साप चावणे ही आपल्या देशातील नित्याची दुर्घटना आहे. तपास करणाऱ्यांनी म्हणून एकेक साधा प्रश्न हाती घेतला.

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. मग नाग आत आला कोठून? सापांच्या जाणकारांनी सांगितले, की एवढ्या लांबीच्या नागाला त्या उंचीपर्यंत आपणहून चढून येणे शक्य नाही. नागाचा दंश वेदनादायक असतो. मग ती जागी कशी झाली नाही? रासायनिक तपासणीत तिच्या शरीरात ॲलर्जीवरील, गुंगी आणणाऱ्या औषधाचा अंश आढळला. साप एकदा दंश करून सहसा दूर जातो. मग एकाच जागी दोन दंश कसे? पुरलेला नाग उकरून काढण्यात आला आणि त्याचेही शवविच्छेदन झाले.

यानंतर झाला तो प्रयोग भारतातील गुन्हे-तपासात असाधारण म्हणावा लागेल. वनखात्याच्या मदतीने माणसाच्या आकाराची प्रतिकृती ठेवून, तिच्या हाताला कोंबडीचे मांस बांधून, जिवंत नागाचा दंश घडवून पाहण्यात आला. नाग स्वतःहून चावतो, तेव्हा दोन विषदंतांच्या खुणांतील अंतर दोन सेंटिमीटरच्या आत राहते. त्याचे डोके धरून दाबले, तर जबडा अधिक फाकतो आणि ते अंतर वाढते. मृत तरुणीच्या हातावरील खुणांचे अंतर दोन सेंटिमीटरहून स्पष्टपणे जास्त होते. नाग चावला नव्हता. तो चाववला गेला होता.

नवऱ्याच्या मोबाइलमध्ये सापांविषयी केलेल्या शोधांच्या नोंदी मिळाल्या. ज्याच्याकडून त्याने साप विकत घेतले, तो सर्पमित्र म्हणवणारा गृहस्थ माफीचा साक्षीदार झाला. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी कोल्लमच्या सत्र न्यायालयाने आरोपीला खून, आधीचा खुनाचा प्रयत्न, विषप्रयोग आणि पुरावा नष्ट करणे या गुन्ह्यांत दोषी ठरवले. दोन दिवसांनी त्याला दुहेरी जन्मठेप सुनावण्यात आली. तिच्याआधी सतरा वर्षांचा कारावास भोगायचा होता. फाशी झाली नाही म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली. पण या खटल्याची थोरवी शिक्षेच्या कठोरपणात नाही. पुराव्याच्या भक्कमपणात आहे.

सापाआधीचे पुरावे

या खटल्यातील विज्ञानाचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच आहे. तथापि सापाची चर्चा करताना खुनाचा हेतू कोठून उगवला, हे दृष्टीआड होता कामा नये.

त्या तरुणीला शिकण्या-समजण्यात काहीशी अडचण होती. लग्न मार्च २०१८ मध्ये झाले. सुमारे शंभर पवन सोने, मोटार आणि रोकड वराकडे गेली. पवन म्हणजे आठ ग्रॅम. यावरून त्या सोन्याचा हिशेब ध्यानात येईल. त्यानंतरही माहेरून दरमहा पैसे जात राहिले. लग्नानंतर अल्पावधीतच ती नवऱ्याच्या लेखी ओझे ठरली. ती नको होती, पण तिच्याबरोबर आलेले सोने हवे होते. घटस्फोट घेतला तर ते परत करावे लागले असते. साप चावून ती मेली, तर काहीच परत करावे लागणार नव्हते. सरकार पक्षाने मांडलेला हेतू तो हाच.

आता कालक्रम पाहावा. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस सासरच्या जिन्यावर तिला साप दिसला होता. तिने आरडाओरडा केला आणि त्या दिवशी ती बचावली. मार्चमध्ये घोणस. मे महिन्यात नाग. मे महिन्यात जे प्रश्न पोलिसांनी विचारले, त्यांतील कित्येक मार्च महिन्यातही विचारता आले असते. आईवडिलांनी ते विचारले नाहीत, याचा दोष त्यांना देणे क्रूरपणाचे होईल. विवाहित मुलीचे घर म्हणजे सासर आणि संसारात थोडेफार होतेच, ही शिकवण त्यांना समाजाने दिली होती. त्याच समाजात पक्षाच्या शाखाही काम करत असतात.

मराठवाड्यातील साप

कोल्लमच्या चोवीस वर्षे आधी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, मराठवाड्यातील एका खेड्यातून एका बापाला निरोप आला: तुमची मुलगी साप चावून गेली. लग्नाला सुमारे सात वर्षे झाली होती. टेम्पो घेण्यासाठी माहेरहून पंचवीस हजार रुपये आण, म्हणून तिचा छळ चालला होता. माहेरची माणसे पोहोचली, तेव्हा त्यांना तिच्या गळ्यावर खूण दिसली. शवविच्छेदनात सर्पदंशाचे एकही लक्षण आढळले नाही. गळा दाबल्याने श्वास कोंडून मृत्यू आला होता. कोल्लमला निदान साप तरी होता. येथे केवळ त्याचे नाव घेण्यात आले होते.

नवऱ्याला दोषी ठरवणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये कायम केला. त्या निकालात न्यायालयाने मांडलेले तत्त्व प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आहे. घराच्या आत, गुप्तपणे झालेल्या गुन्ह्याचा पुरावा बाहेरच्या माणसाच्या हाती लागणे अतिशय कठीण असते. अशा वेळी सरकार पक्षावरील पुराव्याचा भार तुलनेने हलका मानला जाईल आणि घरात हजर असलेल्यांना मृत्यू कसा झाला याचा समाधानकारक खुलासा द्यावा लागेल. खोटा खुलासा किंवा मौन ही आरोपीविरुद्धची आणखी एक कडी ठरेल. चार भिंतींचा आडोसा हे गुन्हेगाराचे कवच होते. या तत्त्वाने त्या कवचाला तडा दिला.

कायदा कोणी घडवला?

हा तडा न्यायमूर्तींच्या औदार्याने पडला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९७९ साली दिल्लीत हुंड्यापायी जाळल्या गेलेल्या तरुणींच्या घरांसमोर स्त्रियांचे मोर्चे गेले. ‘स्टोव्हचा भडका’ या शब्दांवर विश्वास ठेवण्यास त्यांनी नकार दिला. १ डिसेंबर १९८० रोजी त्याच शहरात एक गरोदर स्त्री जळाली. तिच्या किंकाळ्या ऐकून शेजारी धावून आले आणि तिने आपल्याला कोणी पेटवले ते त्यांच्यासमोर सांगितले. सत्र न्यायालयाने १९८३ मध्ये फाशी सुनावली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांना सोडून दिले. संतप्त स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा आणि सासू यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्या खटल्याचा पाया कोणा चतुर गुप्तहेराने रचला नव्हता. दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्यांनी रचला होता.

याच संघर्षातून १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळासंबंधीचे ४९८-अ कलम आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनाची तरतूद झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब हे स्वतंत्र कलम आले. मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर न्यायालयाने गृहीत कोणाविरुद्ध धरावे, हेही पुराव्याच्या कायद्यात सांगितले गेले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता गेल्या. भारतीय न्याय संहितेत हुंडाबळीचे कलम ८० आणि छळाचे कलम ८५ झाले आहे. आकडे बदलले, आशय तोच राहिला.

दयेने पुरावा उभा राहत नाही

येथे एक इशारा आवश्यक आहे. १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र आणि उच्च या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला फाशी सुनावली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून देण्यात आल्या: साखळी पूर्ण हवी, प्रत्येक कडी सिद्ध हवी, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता उरता कामा नये. खुनाऐवजी आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाला वाटले.

या कसोट्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पोलिसांच्या खोट्या खटल्यांत कामगार-किसान कार्यकर्ते वारंवार गोवले गेले आहेत, आणि तेव्हा याच कसोट्यांनी त्यांचे रक्षण केले आहे. परंतु त्या खटल्यातील एक गोष्ट मनाला टोचत राहते. मृत तरुणीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. आपण सुखी नाही, हे तिने शब्दांत मांडले होते. ती पत्रे न्यायालयात बारकाईने वाचली गेली, त्यांच्या प्रत्येक ओळीवर युक्तिवाद झाले. पण तोवर ती लिहिणारी जिवंत नव्हती. मृत्यू खून असो वा आत्महत्या, पत्र आले त्याच दिवशी कोणी तिच्या दारात जाऊन उभे राहावे, एवढी तरी सोय समाजात असायला हवी होती.

मुळाशी मालमत्ता

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला सतराहून अधिक. त्या वर्षी स्त्रियांविरुद्धच्या ४,४५,२५६ गुन्ह्यांपैकी ३१.४ टक्के गुन्हे नवरा आणि त्याच्या नातलगांनी केलेल्या छळाचे होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र जेमतेम चौदा टक्के होत्या.

हुंडा हा केवळ सरंजामी काळाचा अवशेष आहे, शिक्षण वाढले की तो आपोआप नाहीसा होईल, अशी समजूत पुरोगामी वर्तुळात दीर्घकाळ होती. केरळने ती खोटी ठरवली. साक्षरता आणि जमीन सुधारणा यांत देशाच्या पुढे असलेल्या, डाव्या चळवळीची खोल मुळे असलेल्या राज्यात शंभर पवन सोन्याचा व्यवहार झाला आणि तो कोणाला खटकला नाही. मराठवाड्यातील मागणीकडेही नीट पाहावे. ती टेम्पोची होती. ज्याला बँक उभी करत नाही, ज्याला रोजगार मिळत नाही, तो तरुण धंद्याचे भांडवल बायकोच्या बापाकडून वसूल करतो. एकीकडे जुनी पुरुषसत्ता आणि दुसरीकडे नवी बाजारपेठ यांनी विवाहाच्या मांडवात हातमिळवणी केली आहे. एंगल्स यांनी १८८४ मध्ये कुटुंबातील स्त्रीदास्याचा खाजगी मालमत्तेशी असलेला संबंध उलगडून दाखवला. तो संबंध कोल्लमच्या आरोपपत्रात ठळकपणे दिसतो.

कार्यकर्त्याचे काम

स्त्रीने पहिल्यांदा तोंड उघडले, त्याच दिवशी तपास सुरू झाला पाहिजे. तिने काय सांगितले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, याची नोंद करावी. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन कागद घ्यावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळतो. त्यासाठी मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. तिला परत पाठवण्याआधी, ‘तडजोड’ या शब्दाची किंमत कोण चुकवणार, हे शाखेने स्वतःला विचारावे.

आणि अनर्थ घडलाच, तर घाईचा अंत्यविधी होऊ देऊ नये. शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. लग्नाला सात वर्षे झाली नसतील, तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची मागणी लेखी करावी. मृत स्त्रीचा मोबाइल, पत्रे, औषधाच्या चिठ्ठ्या पोलिसांच्या ताब्यात जातील हे पाहावे. ज्या शेजाऱ्याने काही ऐकले असेल, त्याच्या पाठीशी उभे राहावे. कारण निकाल लागेपर्यंत त्याच्यावर गावाचा, जातीचा आणि पैशाचा दबाव येत राहणार असतो.

शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. मोर्च्यात हुंड्याविरुद्ध घोषणा देणाऱ्याच्या घरी लग्नात काय घेतले गेले, काय दिले गेले, हे शाखा सहसा विचारत नाही. सभासद घरी हात उचलतो हे ठाऊक असूनही, ‘तो चांगला संघटक आहे’ असे म्हणून विषय टाळला जातो. कारखान्यातील मालकशाहीशी लढणारा माणूस घरात मालक होत असेल, तर तो त्याचा खाजगी प्रश्न उरत नाही, राजकीय प्रश्न होतो. शाखेच्या बैठकीत तो त्याच गांभीर्याने मांडला गेला पाहिजे.

कोल्लमच्या तपास-अधिकाऱ्यांनी पुरलेला साप उकरून काढला आणि त्याला बोलते केले. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. पण त्यांचे काम सुरू झाले, तेव्हा एका मुलाची आई गेलेली होती. कार्यकर्त्याला त्याआधी पोहोचायचे आहे. मनगटावरचे वळ दिसायला भिंग लागत नाही. शेजारच्या दारात जाऊन विचारावे लागते.